मातीतली गलाई

पहाटे साडेपाच

काल संध्याकाळी सहाला लावलेले चंबू आता बारा तासांचे होत आले. हा जीवाणू घड्याळ पाळतो, त्यामुळे मलाही पाळावं लागतं. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हे त्याचं नाव. उष्ण प्रदेशातल्या मातीत आणि पाण्यात तो राहतो, आपल्याकडेही सापडतो. एकटादुकटा असताना तो फक्त वाढत राहतो. संख्या वाढून दाटी झाली, आणि प्रत्येकाने बाहेर सोडलेले संकेतरेणू द्रवात पुरेसे साचले, की मग ठरावीक जनुकं जागी होतात. त्यातून दोन गोष्टी बनू लागतात. एक व्हायोलेसिन नावाचा गडद जांभळा रंग, आणि दुसरं सायनाइड. वाढ मंदावू लागते त्या सुमाराला सायनाइड सर्वांत जास्त असतं. त्यानंतर तोच जीवाणू ते मोडून टाकायला लागतो. मला हवा असतो तो मधला काळ. तो गाठायचा, तर विट्याच्या थंडीत पहाटे कॉलेजचं फाटक उघडून घ्यावं लागतं.

शेकर दीडशे फेऱ्यांवर फिरतोय, तापमान 30 अंश. दिवा लावला तर तीन चंबूंपैकी एक पिकल्या जांभळासारखा झालेला. बाकीचे दोन फिकट पिवळेच आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. एकात नुसतं पोषक द्रावण आहे, दुसऱ्यात उष्णतेने मारलेल्या पेशी. जिवंत जीवाणूंनी काय केलं हे सांगायचं असेल तर मेलेले काय करतात हेही शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

चंबूच्या तोंडाशी आतल्या बाजूने सोडियम पिक्रेटची कागदी पट्टी टांगलेली असते. सायनाइड वायुरूपात वर आलं की पिवळी पट्टी विटकरी होते. आज जांभळ्या चंबूची पट्टी चांगलीच विटकरी आहे. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. बाहेर जाणारी हवा आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून जाते, म्हणजे सायनाइड तिथेच अडकतं. शिवाय हा जीवाणू क्वचित, पण जखमेतून शरीरात शिरला तर माणसालाही गंभीर आजारी करतो. म्हणून हाताला साधा ओरखडा असला तरी त्या दिवशी मी विद्यार्थ्यांना या टेबलाजवळ येऊ देत नाही. त्यावर कुणी नाराज झालं तरी चालेल.

सकाळी सात

हे सायनाइड सोनं विरघळवतं का, ते बघायला सोन्याचा वर्ख घेते. तो हाताळताना पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क. श्वासानेही तो उडतो. काचपट्टीवर पाण्याचा थेंब पसरवायचा, मऊ ब्रशने वर्खाचा दोन सेंटिमीटरचा चौकोन त्यावर सोडायचा आणि सुकू द्यायचा. सपाट बसला की उजेडासमोर धरून बघते. पातळ वर्खातून येणारा उजेड हिरवट दिसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे फोटो काढते, कारण वर्खाला मुळातच बारीक भोकं असतात. संध्याकाळी दिसणारी भोकं सकाळचीच आहेत की नवी, याचा पुरावा हवा.

एवढ्याशा चौकोनात सोनं किती? वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी धरली, तर एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. सराफाच्या काट्यावर त्याची नोंदही होणार नाही. रसायनाच्या हिशोबाने मात्र हा आकडा सोयीचा आहे. सोन्याचे चार अणू विरघळवायला सायनाइडचे आठ आयन आणि ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. म्हणजे एक मिलिग्रॅम सोन्याला पाव मिलिग्रॅमच्या आसपास सायनाइड. तेवढं हे जीवाणू बनवू शकतात. 1887 साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी खनिजातून सोनं काढण्याची जी सायनाइड पद्धत शोधली, तिच्या पोटात हीच अभिक्रिया आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या सोन्याच्या खाणी आजही तिच्यावरच चालतात. मातीतल्या जीवाणूंकडे ही युक्ती त्याआधी किती तरी काळ होती.

अडचण आहे ती सामूची. सामू 9.2 च्या खाली गेला की निम्म्याहून अधिक सायनाइड हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतं आणि ते हवेत निघून जाऊ लागतं. सामू वर नेला तर सायनाइड द्रावात राहतं, पण जीवाणूला ते मानवत नाही. म्हणून आधी त्याला त्याच्या आवडीच्या द्रावात वाढू द्यायचं, आणि सायनाइड भरात आलं की कॉस्टिकचे थेंब टाकून सामू नऊच्या आसपास आणायचा. वर्खाची काचपट्टी त्यानंतर आत सोडायची. तिन्ही चंबूंत एकेक पट्टी सोडली, वेळ लिहिली, शेकर हळू केला.

सकाळी साडेआठ

सराफ कट्ट्यावर दुकानं उघडायच्या आत पोहोचायचं असतं, कारण झारेकरी मावशी त्याआधी तिथे येऊन जातात. कारागिरांच्या दुकानापुढची धूळ, पायरीच्या फटीतला केर, गटाराच्या तोंडाशी बसलेला गाळ त्या ब्रशने आणि पत्र्याने गोळा करतात. घरी नेऊन घमेल्यात पाण्यावर फिरवत धुतात. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी ही माणसं धातूबद्दल जे जाणतात, ते पुस्तकात सहसा लिहिलेलं नसतं.

"मॅडम, वरचं नका घेऊ," मावशी म्हणाल्या. "गटार वळतंय ना, तिथलं खालचं घ्या. जड तिथं बसतंय."

तिथलाच घेतला. निर्जंतुक नळ्यांमध्ये चमचा चमचा काळा, ओला गाळ. यात सोन्याची धूळ आहे, चांदी आहे, दागिन्यात मिसळलेलं तांबं आहे आणि धुतलेल्या तेजाबाचं पाणीही आहे. बहुतेक जीवाणूंना ही जागा जगायला कठीण. जे इथे टिकलेत, त्यांच्याकडे जड धातूंना तोंड द्यायची काही ना काही सोय असणार. आमच्या भागातल्या खडकात, दख्खनच्या काळ्या पाषाणात, सोनं नाही. तरीही इथल्या गटारात सोन्याच्या सहवासात राहणारे जीवाणू मिळण्याची शक्यता आहे, कारण सोनं इथे माणसांनी आणलंय.

आणि आमच्या माणसांनी ते भारतभर हाताळलंय. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली घरंच्या घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात बाहेर पडली. पंजाबपासून केरळपर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत भट्टी पेटवून बसलेला माणूस आमच्याकडचा असतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, तमिळनाडूत हे काम केलं, आता दादा करतो. जुना दागिना चांदी घालून वितळवायचा, त्याचा चुरा नाहीतर पातळ पत्रा करायचा आणि तो नायट्रिकमध्ये टाकायचा. चांदी आणि तांबं तेजाबात जातं. तळाशी राहतं ते मातकट तपकिरी दिसतं, अनोळखी माणूस ते टाकूनच देईल. धुऊन, टाकणखार घालून मुशीत आटवलं की चोख सोनं. तेजाबात गेलेली चांदी तांब्याचे पत्रे बुडवून परत मिळवायची. या सगळ्यात जो तांबूस धूर उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. आबांच्या छातीत तो वीस-पंचवीस वर्षं जात होता. रात्रीच्या त्यांच्या खोकल्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. धंद्याचा भाग म्हणून तो सगळ्यांनी धरून चालला होता. मी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळले याचं मोठं कारण तो धूर आहे.

सकाळी अकरा

तिसऱ्या वर्षाचा तास. आज सोन्याचं चक्र. कार्बनचं चक्र, नायट्रोजनचं चक्र मुलांना शाळेपासून पाठ असतं. सोन्याचं चक्र म्हटल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, सोनं तर कशाशीच रिअॅक्ट होत नाही ना?"

हा समज मोडायलाच मी फळ्यावर टोमाकिन पार्क लिहिलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याजवळची ही जुनी सोन्याची खाण. फ्रँक राइथ यांनी तिथली माती प्रयोगशाळेत आणली. पाणी घालून ती दोन प्रकारे ठेवली. एकीत मातीचे मूळ जीवाणू जिवंत, दुसरी निर्जंतुक. जिवंत मातीत वीस ते पंचेचाळीस दिवसांत सुमारे 80 टक्क्यांपर्यंत सोनं विरघळून पाण्यात आलं. निर्जंतुक मातीत त्याच्या तुलनेत फारच कमी. बाहेरून ना आम्ल घातलं होतं, ना सायनाइड. जीवाणूंनी स्वतः बाहेर सोडलेल्या अमिनो आम्लांसारख्या रेणूंशी सोन्याची जोडी जमली आणि ते पाण्यात उतरलं. पुढे हेच जीवाणू ते रेणू खाऊन टाकू लागले, तेव्हा सोन्याचा आधार गेला आणि ते पुन्हा मातीला चिकटलं.

वर्गात या टप्प्यावर मी थांबते. एकाच मातीत, त्याच जीवांच्या हातून, आधी विरघळणं आणि मग परतणं. मला स्वतःला हा प्रयोग वाचला त्या दिवसापासून सोन्याकडे पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

विरघळवण्याच्या वाटा अनेक आहेत आणि जागेप्रमाणे त्या बदलतात. सोनं पायराइटसारख्या गंधकयुक्त खनिजात अडकलेलं असेल, तर लोह आणि गंधक खाऊन जगणारे ॲसिडिथायोबॅसिलससारखे जीवाणू ते खनिज पोखरतात. त्यात सोनं मोकळं होतं आणि गंधकाच्या अर्धवट ऑक्सिडीकरणातून बनणारं थायोसल्फेट त्याला धरून नेतं. झाडांच्या मुळांभोवती ग्लायसिन मिळतं, तिथे त्यापासून सायनाइड बनवणारे जीवाणू असतात. ऑस्ट्रेलियात कालगुर्लीजवळच्या निलगिरीच्या पानांतही सोन्याचे सूक्ष्म कण सापडले. मेल्विन लिंटर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ते दाखवलं. खोलवर गेलेली मुळं पाण्याबरोबर विरघळलेलं सोनंही वर ओढतात. झाडाला ते नकोच असतं, म्हणून पानांत साठवतं. पानं गळली की सोनं पुन्हा जमिनीवर.

"म्हणजे सोनं हिंडतं," मागून एक मुलगा म्हणाला. हो, हिंडतं. क्वीन्सलँडमधल्या वेस्ट कोस्ट क्रीक या ओढ्यातल्या कणांच्या अभ्यासावरून अंदाज असा की हे विरघळून परत बसण्याचं चक्र काही वर्षांत, फार तर काही दशकांत पूर्ण होतं. खडकांच्या कालगणनेत हा वेग विलक्षण आहे. एका माणसाच्या आयुष्यात मावणारा.

दुपारी दीड

डबा. भाकरी, घेवडा, शेंगदाण्याची चटणी. प्रयोगशाळेत काही खायचं नाही, म्हणून स्टाफरूममध्ये.

दुपारी तीन

दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम आता. नदीच्या वाळूत सापडणाऱ्या सोन्याच्या कणांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो मी विद्यार्थिनीसोबत एकेक करून बघते. आमच्याकडे ते यंत्र नाही. प्रसिद्ध झालेले फोटोच बघतो, पण बारकाईने.

कणाच्या पृष्ठभागावर गोलसर, फुगीर आकारांचे घोस दिसतात, आणि प्रत्येक गोळा साधारण जीवाणूएवढाच. 1992 मध्ये अमेरिकी भूसर्वेक्षणातले जॉन वॉटरसन यांनी अलास्कातल्या अशा कणांवरून म्हटलं, की हे सोनं जीवाणूंच्या अंगावर बसलेलं आहे. अनेकांना ते पटलं नाही. नुसत्या झिजण्याने किंवा गंजण्यानेही पृष्ठभाग असा दिसू शकतो, असा आक्षेप होता. आकार सारखे आहेत म्हणजे कारणही तेच, असं म्हणता येत नाही, आणि तो आक्षेप रास्तच होता.

2006 मध्ये राइथ आणि सहकाऱ्यांनी टोमाकिन पार्क आणि क्वीन्सलँडमधली हिट ऑर मिस खाण या एकमेकींपासून फार दूरच्या जागांवरचे कण घेतले. त्यांवरचा जिवंत पापुद्रा रंगवून दाखवला आणि त्यातला डीएनए वाचला. हवामान वेगळं, माती वेगळी, तरी दोन्हीकडे एक जीवाणू पुन्हा पुन्हा हजर होता. तो म्हणजे क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स. याआधी 1976 मध्ये तो बेल्जियममधल्या जस्ताच्या कारखान्याच्या टाकीत सापडला होता. धातूंनी भरलेलं पाणी म्हणजे त्याचं घर.

तो सोनं गोळा करतो ते हौसेने नाही. विरघळलेलं सोनं त्याच्यासाठी विष आहे. या जीवाणूजवळ तांबं बाहेर फेकणारा कपए नावाचा पंप असतो. 2018 मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की तांबं आणि सोनं एकत्र आलं तर दोन्ही मिळून पेशीला जास्त घातक ठरतात. मग कॉपए नावाचं विकर सोन्याचं रूप बदलून त्याला पेशीच्या आत शिरायला अवघड करतं. पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत सोनं धातूच्या रूपात येतं, अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपात, आणि तिथे ते निरुपद्रवी. जीव वाचवण्यासाठी केलेल्या या कामाचा साठा कणावर थर बनून बसतो. डेल्फ्टिया ॲसिडोव्होरन्स नावाचा दुसरा जीवाणू तर सोनं पेशीपर्यंत येऊच देत नाही. तो डेल्फ्टिबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडून सोन्याला दारातच घट्ट करून टाकतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातलं हे काम 2013 मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि आता गलाईवाल्याच्या मुलीला भिडणारी गोष्ट. खडकातून निघालेल्या मूळ सोन्यात बऱ्याचदा चांदी मिसळलेली असते. ओढ्यात, मातीत काही काळ राहिलेल्या कणाचा मात्र छेद घेतला, तर आतला गाभा चांदीमिश्रित आणि बाहेरचा पातळ थर जवळजवळ शुद्ध दिसतो. चांदी सहज विरघळते आणि पाण्यात पुढे निघून जाते. सोनं विरघळलं तरी परत बसतं, आणि बसताना चांदी सोबत घेत नाही. दादा भट्टीवर जे करतो, तेच ओढ्याच्या तळाशी भट्टीशिवाय आणि धुराशिवाय चाललेलं असतं. हा छेद दाखवल्यावर माझी विद्यार्थिनी, तिचे काकाही गलाईत आहेत, कितीतरी वेळ स्क्रीनवरून नजर हटवेना. तिने विचारलं, "याचा टंच किती निघेल हो, मॅडम?" तिला सांगितलं, बाहेरच्या थरापुरता तुझ्या काकांच्या मालाशी बरोबरी करेल.

संध्याकाळी साडेपाच

काचपट्ट्या बाहेर. आधी पोषक द्रावणातली. वर्ख सकाळसारखाच. मेलेल्या पेशींची पट्टी, तिथेही बदल नाही, फक्त थोडा चिकट थर. मग जांभळ्या चंबूतली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सकाळच्या फोटोशी जुळवून बघितली, तर कडा कुरतडलेल्या आहेत, जुनी भोकं रुंदावली आहेत आणि दोन भोकांमधला एक पातळ पूल नाहीसा झालाय. जिथे जीवाणूंचा पापुद्रा दाट आहे तिथेच जास्त. तो पूल होता तिथे आता नुसती काच आहे, आणि त्यावरचं सोनं चंबूच्या पाण्यात कुठेतरी अदृश्य आहे.

नव्याने शिकणाऱ्याची इथे फसगत होऊ शकते. सोन्याचे सूक्ष्म कणही द्रवाला लालसर जांभळी छटा देतात. या जीवाणूचा स्वतःचाच रंग जांभळा असल्यामुळे रंग बघून सोन्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. व्हायोलेसिन अल्कोहोलमध्ये उतरतं, सोन्याचे कण उतरत नाहीत. नमुना अल्कोहोलने धुऊन घेते, गाळते आणि बाटलीवर तारीख-वेळ टाकते. आकडा विद्यापीठाच्या यंत्रातून येईल तेव्हाच खरा.

जांभळा चंबू परत शेकरवर. पुढच्या दोन-तीन दिवसांत सायनाइड उतरत जाईल, कारण जीवाणू त्याचं बीटा-सायनोॲलनिन करून टाकतो. त्या उताराच्या काळात विरघळलेल्या सोन्यातलं किती परत पेशींना चिकटतं, हा माझा पुढचा प्रश्न. टोमाकिनच्या मातीत जे झालं, त्याची एका चंबूतली लहानशी आवृत्ती मला बघायची आहे.

रात्री साडेआठ

दादाचा फोन. भट्टी बंद करून बसला होता.

"आज कितीचं सोनं वितळवलंस तुझ्या किड्यांकडून?"

"मिलिग्रॅमभरसुद्धा नाही."

"मग माझी भट्टी बंद करायला निघालीस कशाला?"

त्याला दरवेळी खरंच सांगते. तासाभरात शंभर ग्रॅमचा माल काढून द्यायचा असेल, तिथे जीवाणूंचा उपयोग नाही. ते थकत नाहीत, पण घाईही करत नाहीत. त्यांच्या जोगं काम वेगळं आहे. ज्यात सोनं इतकं विरळ आहे की तेजाब ओतणं परवडत नाही आणि ओतू नये, तिथे त्यांना लावून बघायचं. मोबाइलच्या जुन्या सर्किट बोर्डांवर जगभर असे प्रयोग चाललेत. दुकानाच्या मोरीतला गाळ, भट्टीची राख, धुण्याचं पाणी ही आपल्या धंद्यातली तशी जागा. आज ते आपण गटारात सोडतो. त्यात तांबं, चांदी आणि आम्ल सगळं नदीपर्यंत जातं. ते अडवता आलं, तर मला भट्टी बंद केल्याहून जास्त समाधान वाटेल. धुरावर उपाय वेगळा आहे, आणि तो आजच आहे. धूर ओढून कॉस्टिकच्या पाण्यातून नेणारा हूड बसवायचा. तो बसवलास का, हे मी दर फोनला विचारते. या खेपेला तो म्हणाला, पुढच्या महिन्यात. बसवल्याचा फोटो पाठव, म्हटलं.

"आणि मोरीतला गाळ पाठवशील?"

"किती पाठवू, गोणीभर?"

"चमचाभर पुरे. स्वच्छ बाटलीत भर, तोंड घट्ट लाव, आणि वाळवू नकोस. वाळला तर मला हवे असलेले त्यातले बरेचसे वाटेतच मरतील."

"अगं, त्यात सोनं नसेल तर?"

"नसू दे. सोनं आलं की त्याला तोंड देणारे त्यात आहेत का, ते मला बघायचंय."